गावाचं नाव फुकट मिळणार नाही

पुण्यानं अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग जिंकलेली आहे. थट्टा नाही. साल २०१२, स्पर्धेचं नाव एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया, संघाचं नाव पुणे मराठाज. पहिल्याच मोसमात विजेतेपद.

मी पुण्यात सहा वर्षं नोकरी करतोय. ऑफिसच्या बसमध्ये, मेसमध्ये, टपरीवर ही गोष्ट मी निदान पन्नास जणांना सांगितली असेल. एकालाही ती माहीत नव्हती. त्यातले निम्मे अस्सल पुणेकर होते, म्हणजे पुण्याबद्दल आपल्याला ठाऊक नसलेलं काही असू शकतं हेच ज्यांना मान्य नसतं असे लोक.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा हीच गोष्ट गावातल्या मित्राला सांगितली. माझं गाव नालवाडी. वर्ध्याला इतकं चिकटलेलं की शहर कुठे संपलं आणि नालवाडी कुठे सुरू झाली हे नव्या माणसाला कळत नाही. मित्रानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "हे सगळं ठीक हाय. पन टीम कोनाची होती?"

मी म्हटलं, पुण्याची.

"पुन्याची म्हंजे कोनाची बे? पुन्यातल्या कोनाची?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर शोधलं तेव्हा कळलं की उत्तर नव्हतंच. पुण्यातल्या कुणाचीच नव्हती ती टीम. हा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: ज्या संघात गावाचा वाटा नाही, त्याला गावाचं नाव लावायचा हक्क असू नये.

कोलंबोत जिंकलेलं पुणे

आधी खेळ थोडक्यात, कारण आपल्यातल्या बहुतेकांनी तो सिनेमातच पाहिला आहे. हेल्मेट, खांद्यावर पॅड, अंडाकृती चेंडू. शंभर यार्डांचं मैदान, दर पाच यार्डांवर आडवी रेघ. त्या रेघांमुळे मैदान भाजायच्या जाळीसारखं दिसतं, म्हणून त्याला ग्रिडआयर्न म्हणतात. एका वेळी अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांना. आट्यापाट्या खेळलेल्या माणसाला हा खेळ समजायला वेळ लागत नाही. पाट्या ओलांडत पुढे जायचं आणि समोरच्यानं अडवायचं, मूळ भानगड तीच. फरक इतकाच की इथे अडवणारा थेट अंगावर येतो.

ऑगस्ट २०११ मध्ये ही लीग भारतात येणार अशी घोषणा झाली. पाठीराखे मोठे होते. शिकागो बेअर्सला विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक माइक डिटका, माजी खेळाडू रॉन जॉवॉर्स्की आणि मायकल अर्विन, हॉलिवूडचा नट मार्क वॉलबर्ग. शिवाय ब्रँडन चिलार, भारतीय वंशाचा खेळाडू, जो अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये ग्रीन बे पॅकर्सकडून खेळला होता. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या मोसमाला आठ संघ ठरले. भारताबरोबर श्रीलंका आणि पाकिस्तानच्या नावाचेही संघ होते. महाराष्ट्राच्या वाट्याला दोन: मुंबई ग्लॅडिएटर्स आणि पुणे मराठाज. सामने झाले कोलंबोच्या सुगतदास स्टेडियमवर. ते चित्रित करून नंतर टेन स्पोर्ट्सवर दाखवले गेले. मराठाज जिंकले. दुसरा मोसम कधी झालाच नाही.

एवढाच इतिहास. पुण्याचा एक संघ, ज्यानं पुण्यात घरचा सामना खेळून पुणेकरांना दाखवला नाही. ज्या शहराच्या नावानं तो जिंकला त्या शहरानं मिरवणूक काढली नाही, कारण आपण जिंकलो हे शहराला माहीतच नव्हतं. आणि नाव कोणतं, तर मराठा. म्हणजे इतिहासातला सगळ्यात जड शब्द उचलला, जर्सीवर छापला आणि कोलंबोच्या रिकाम्या संध्याकाळी वापरून टाकला.

खेळाडूंवर माझा एका अक्षराचाही राग नाही, हे स्पष्ट लिहितो. बहुतेकांसाठी खेळ नवा होता. नवा खेळ, नवे नियम, अंगावर धावून येणारी माणसं, परका देश. त्यातून शिकून जिंकणं ही कमाई आहे. त्या पोरांनी त्यांचं काम केलं. ज्यांनी शहराचं नाव घेतलं त्यांनी शहराशी कसलाही व्यवहार केला नाही, हा माझा मुद्दा आहे.

माझ्या धंद्यात याला डेमो म्हणतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आजवर बरेच डेमो बनवलेत. क्लायंटला दाखवायचं असतं तेव्हा स्क्रीनवर सगळं असतं. लॉगिनचं बटण असतं, ग्राहकांची नावं असतात, आलेख हलत असतात. मागे सर्व्हर नसतो. नावं आपणच टाइप केलेली असतात. डेमो बनवणं गुन्हा नाही. पण डेमोमध्ये 'पुणे' असं टाइप केलं म्हणून पुणे तुमचं ग्राहक होत नाही. २०११ च्या जनगणनेनं भारताची लोकसंख्या १२१ कोटी सांगितली आणि जगभरच्या पिच डेकमध्ये तो आकडा गेला. त्या आकड्यात मीही होतो, वर्ध्यात शाळेत जाणारा. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

हा एकच संघ असता तर गोष्ट वेगळी होती

"परदेशी खेळ होता, चालला नाही, विषय संपला." हे मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवलं गेलेलं उत्तर. मग आपल्या खेळांचं काय झालं ते पाहू.

पुणे वॉरियर्स इंडिया. आयपीएलमध्ये २०११ ला आले, तीन मोसम खेळले, २०१३ नंतर नाहीत. रायझिंग पुणे सुपरजायंट. दोन निलंबित संघांच्या जागा भरायला २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षं. २०१७ चा अंतिम सामना मुंबईकडून एका धावेनं हरले आणि तिथेच संपले. पुणे एफसी. २००७ ला सुरू झालेला, आय-लीगमध्ये वरच्या क्रमांकावर खेळलेला फुटबॉल क्लब. २०१५ ला बंद. डीएसके शिवाजीयन्स. आय-लीगमध्ये दोन मोसम, मग नाही. एफसी पुणे सिटी. इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ ला आले, बालेवाडीला खेळायचे, २०१९ ला गेले आणि त्यांची जागा हैदराबादला मिळाली.

क्रिकेटचे दोन, फुटबॉलचे तीन, अमेरिकन फुटबॉलचा एक. साधारण बारा वर्षांत सहा संघ. २०११ मध्येच एकतीस लाखांवर लोकसंख्या असलेलं शहर, पैसा आहे, मैदानं आहेत, खेळाची हौस तर इतकी की पहाटे पाचला टेकडीवर गर्दी असते. तरी सहा संघ गेले. प्रत्येकाची कारणं वेगळी होती: कुठे मालकाचा आणि मंडळाचा वाद, कुठे तोटा, कुठे करारच दोन वर्षांचा. पण एक गोष्ट सहाही वेळा तीच होती. संघ ठेवायचा की नाही हे ठरवताना पुण्याला कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. कागदावर पुणे कुठेच नव्हतं, फक्त जर्सीवर होतं.

बालेवाडीला मी एफसी पुणे सिटीचा एक सामना पाहिला होता. माझ्या पुढच्या रांगेत एक काका आणि त्यांची लहान मुलगी होती, दोघांच्या गळ्यात केशरी मफलर. संघ गेल्यावर त्या मफलरचं काय झालं असेल, असं मला अधूनमधून वाटतं. मालकाकडे ताळेबंद असतो, तो तोटा लिहून काढतो. मफलर कुठल्या खात्यात लिहायचा?

वर्ध्याएवढं एक गाव

आता ब्रँडन चिलारकडे परत येऊ. ज्या ग्रीन बे पॅकर्सकडून तो खेळला, त्यांची गोष्ट या लीगच्या पाठीराख्यांना माहीत नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही. त्यांच्यातलाच एक जण तिथून आला होता.

ग्रीन बे हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं गाव. गावच म्हणतो, कारण २०१० च्या तिथल्या जनगणनेत लोकसंख्या एक लाख चार हजार. २०११ च्या आपल्या जनगणनेत वर्धा शहराची एक लाख सहा हजार. म्हणजे वर्ध्यापेक्षा तसूभर लहान. या गावाचा संघ न्यूयॉर्क आणि शिकागोच्या संघांशी शंभर वर्षं खेळतोय आणि राष्ट्रीय विजेतेपदं तेरा, इतर कुठल्याही संघापेक्षा जास्त.

१९१९ मध्ये कर्ली लॅम्बो नावाच्या एका तरुणानं, तो जिथे नोकरी करत होता त्या इंडियन पॅकिंग कंपनीकडे जर्सीसाठी पैसे मागितले. मांस डबाबंद करणारी कंपनी होती. तिनं ५०० डॉलर दिले, म्हणून संघाचं नाव पॅकर्स. म्हणजे सुरुवात अगदी आपल्या गणपती मंडळासारखी: ओळखीच्या शेटजीकडे जायचं, वर्गणी मागायची, बॅनरवर त्याचं नाव टाकायचं. त्या काळी अशा छोट्या गावांचे बरेच संघ होते. १९२० मध्ये लीग सुरू झाली ती ओहायोतल्या कँटन नावाच्या गावात, मोटारी विकायच्या एका शोरूममध्ये बसून. पुढे पैसा मोठ्या शहरांत गेला आणि छोट्या गावांचे संघ एकेक करून बंद पडले किंवा उठून गेले. आजचे शिकागो बेअर्ससुद्धा मूळचे डिकेटर नावाच्या गावचे.

ग्रीन बे राहिलं. का राहिलं, तर १९२३ मध्ये संघ बुडायला आला तेव्हा गावानं तो विकत घेतला. अँड्र्यू टर्नबुल या स्थानिक वर्तमानपत्राच्या माणसानं आणि गावातल्या इतर चार-दोन लोकांनी पुढाकार घेऊन शेअर काढले. पाच डॉलरला एक, असे एक हजार. दुकानदार, डॉक्टर, नोकरदार, ज्याला जमेल त्यानं घेतले. त्यात अटी अशा घातल्या की लाभांश मिळणार नाही आणि शेअर विकून नफा करता येणार नाही. संघ कधी विकलाच तर पैसे गावातल्या माजी सैनिकांच्या संघटनेला जाणार. पुढे १९९७ मध्ये ते धर्मादाय निधीला जातील असा बदल झाला. थोडक्यात, संघ विकून कुणाचाही फायदा होणार नाही अशी व्यवस्था आधीच करून ठेवली. जे विकून काही मिळत नाही ते कोण विकेल?

हे सगळं गुळगुळीत झालं असं नाही. १९३० च्या दशकात एक प्रेक्षक स्टँडवरून पडला, त्यानं दावा लावला, तो जिंकला आणि क्लबची मालमत्ता कोर्टानं नेमलेल्या माणसाच्या ताब्यात गेली. १९३५ मध्ये गावानं पुन्हा शेअर घेतले आणि संघ सोडवला. १९५० मध्ये पुन्हा. १९५६ मध्ये नवं स्टेडियम बांधायला कर्ज काढायचं का यावर गावात मतदान झालं, लोक हो म्हणाले, १९५७ मध्ये स्टेडियम उभं राहिलं. आज पॅकर्सचे पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. दर वर्षी त्यांची सभा भरते, संचालक मंडळ निवडलं जातं आणि हिशेब जाहीर होतो. त्या लीगमधले बाकीचे संघ आपला हिशेब असा लोकांपुढे मांडत नाहीत. एका माणसाला किती शेअर घेता येतील यालाही मर्यादा आहे, म्हणजे कुणा एकाला गुपचूप मालक होता येणार नाही.

आता उलटं उदाहरण. बाल्टिमोर शहराचा कोल्ट्स नावाचा संघ होता. मार्च १९८४ मधल्या एका रात्री मालकानं सामानाचे ट्रक बोलावले आणि सकाळपर्यंत संघ इंडियानापोलिसला निघून गेला. लाखो लोकांचा संघ एका माणसाच्या सहीनं रातोरात गेला. ग्रीन बेच्या लोकांना अशी रात्र येणं शक्यच नाही, कारण सही करणारा तो एक माणूसच तिथे नाही.

आपल्याला हे शिकवायला अमेरिका लागते?

खरं तर नाही, आणि माझा मुख्य राग इथे आहे.

गावानं पाच-पाच डॉलर काढून उभा केलेला, लाभांशावर बंधन असलेला, वार्षिक सभा घेणारा संघ. याला मराठीत सहकारी संस्था म्हणतात. १९५० च्या सुमारास प्रवरेला शेतकऱ्यांनी शेअर घेऊन साखर कारखाना उभा केला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं. 'शेअर' हा शब्द महाराष्ट्रातल्या खेड्यांना डीमॅट खात्याच्या कितीतरी आधी कळला होता.

खेळातही हेच. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं आहे. वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या त्या आखाड्याचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आलं. माझ्या घरापासून अडीच-तीन तासांवर.

आणि कोल्हापूर. पाटाकडील तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. हे फुटबॉल संघ आहेत. ज्या तालमींत कुस्ती होते त्यांनीच फुटबॉलचे संघ काढले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवले. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठांमध्ये काम थांबतं. तिथल्या पोराला विचारा, टीम कोणाची? तो म्हणेल, आमची. कोणाची म्हणजे? तो गल्ली दाखवेल, तालीम दाखवेल, वर्गणीची पावती दाखवेल. तिथे भांडणंही होतात, कधी मैदानाबाहेरही. पण तिथला संघ कुणी एका रात्रीत हैदराबादला नेऊ शकत नाही.

माझ्या नालवाडीचीही एक गोष्ट आहे. १९३० च्या दशकात विनोबा इथे राहायचे, पवनारला जाण्याआधी. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ निघालं. आणि इथे एक चर्मालय होतं, जिथे मेलेल्या जनावरांचं कातडं कमावलं जायचं. ज्या कामाला लोक शिवत नव्हते ते काम मानाचं करायचं आणि त्यातली कमाई गावात ठेवायची, हा त्यामागचा विचार. अमेरिकन फुटबॉलला लोक डुकराचं कातडं म्हणतात, पण तो चेंडू गाईच्या कातड्याचा असतो. तिथल्या सर्वोच्च लीगचे चेंडू १९५५ पासून ओहायोतल्या एडा नावाच्या छोट्याशा गावातल्या कारखान्यात हातानं शिवले जातात. म्हणजे त्या खेळाचा चेंडूसुद्धा एका गावाचा आहे. आपल्याकडे आला तेव्हा मात्र त्याच्याबरोबर कुठलंच गाव नव्हतं.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप: पॅकर्स हा अपवाद आहे. बरोबर. आता त्या लीगच्या नियमांत नव्या संघाला अशी गावकीची मालकी घेता येत नाही, पॅकर्सना जुने म्हणून सोडलं आहे. पण नियम कुणी केला? बाकीच्या मालकांनी. एखादी गोष्ट चालत नाही म्हणून तिच्यावर बंदी घालावी लागत नाही.

दुसरा: सहकाराचं महाराष्ट्रात काय झालं ते दिसतंय ना? दिसतंय. कारखाने घराण्यांचे झाले, बँका बुडाल्या, सभासदाची सही सभेआधीच रजिस्टरमध्ये झालेली असते. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या स्वतःच्या लेआऊटमध्ये नकाशावर मोकळी जागा होती. आम्ही पोट्टे तिथे सगळे खेळ खेळलो. सगळ्यांची जागा म्हणजे कुणाचीच नाही असं धरून एक दिवस तिला कुंपण पडलं, मग त्यावर हॉल आला. आमच्यातल्या कुणीही नकाशा बघायला मागितला नाही. म्हणजे सामूहिक मालकी नुसती कागदावर असून भागत नाही, तिच्यावर रोज लक्ष ठेवावं लागतं. पण हॉल आला म्हणून मोकळ्या जागा नकोतच, असं कुणी म्हणत नाही. आपण कुंपण पडताना बघत बसायचं नाही, एवढंच त्यातून शिकायचं.

तिसरा, आणि सगळ्यात दमदार: पैसा लागतो. प्रो कबड्डी बघा, २०१४ ला सुरू झाली, कंपन्यांनी पैसा लावला म्हणून खेळाडूंची आयुष्यं बदलली. पुणेरी पलटणनं १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ असं हरवून विजेतेपद मिळवलं आणि ते लोकांना माहीतही आहे. मान्य, हजार वेळा मान्य. कबड्डी टिकली कारण तिच्या खाली आधीपासून गावोगावची मैदानं, मंडळं आणि स्पर्धा होत्या. पैसा वरून आला तेव्हा तो झिरपायला माती होती. पण पलटणही उद्या मालकाला नकोशी झाली तर पुण्याच्या हातात काय आहे? आजच्या घडीला मफलर.

मग मागायचं काय

सगळे संघ सरकारनं ताब्यात घ्यावेत असं मी म्हणत नाही. कंपन्यांनी पैसा लावू नये असंही नाही. माझ्या मागण्या तीन आहेत आणि तिन्ही करता येण्यासारख्या आहेत.

एक: संघाला गावाचं किंवा शहराचं नाव लावायचं असेल तर एक ठरावीक वाटा, लहान का असेना, तिथल्या रहिवाशांसाठी आणि तिथल्या क्लबांसाठी राखून ठेवा. नफ्यासाठी नाही, मतासाठी. संघ हलवायचा किंवा बंद करायचा असेल तर त्या वाट्याची परवानगी लागेल.

दोन: नाव, रंग आणि विक्रम गावाचे. मालक गेला तर संघ घेऊन जावा, नाव ठेवून जावं. हे स्वप्न नाही. १९९६ मध्ये क्लीव्हलंडचा ब्राउन्स हा संघ मालकानं बाल्टिमोरला नेला तेव्हा शहर भांडलं आणि नाव, रंग, इतिहास तिथेच ठेवून घेतला. १९९९ मध्ये त्याच नावानं नवा संघ उभा राहिला. असं कलम आपल्याकडे असतं तर पुणे मराठाज हे नाव, आणि ते एकुलतं एक विजेतेपद, आज पुण्यातल्या एखाद्या क्लबच्या भिंतीवर असतं.

तीन: ज्या गावाचं नाव, तिथे मैदान. परदेशात चित्रित केलेल्या सामन्यांना शहराचं नाव द्यायचं असेल तर ती मालिका आहे, खेळ नाही.

हे आत्ता का लिहितोय? कारण हा खेळ परत येतोय. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फ्लॅग फुटबॉल आहे: त्याच खेळाचं पाच-पाच जणांचं रूप, ज्यात पाडायचं नसतं, कमरेची पट्टी ओढायची असते. पॅड नको, हेल्मेट नको, मुली-मुलांना सारखाच खेळता येतो. वर्ध्याच्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर उद्या सुरू होईल असा खेळ आहे. मला तो आवडतो, म्हणून तर इतका चिडलोय. ऑलिम्पिक म्हटलं की पैसा येईल, लीग येईल, लोगो येतील. पुन्हा कुणीतरी नकाशा उघडून शहरांची नावं उचलेल. कदाचित या वेळी नागपूर, कदाचित अमरावती, कदाचित 'विदर्भ' पुढे एखादा चिडलेला प्राणी.

तेव्हा जर्सी विकत घ्यायच्या आधी, रील शेअर करायच्या आधी, आमच्या नालवाडीतला प्रश्न विचारा. कंपनीच्या पानाखाली विचारा, पत्रकार परिषदेत विचारा, स्टेडियमच्या दारावर विचारा.

टीम कोनाची हाय?

आणि उत्तरात नुसतं गावाचं नाव आलं, तर पुढचा प्रश्नही विचारा. गावातल्या कोनाची?